दम आहे, पण सोडायचा कधी?

ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्याची आणि पियानोची छोटी मैफल ऐकायला गेलात, तर पुढची खुर्ची पकडा. ऑर्केस्ट्रात ओबोवाला व्हायोलिनांच्या मागे कुठेतरी असतो. तीस-चाळीस खुर्च्यांच्या खोलीत मात्र त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि या वाद्याची खरी गंमत श्वासातच आहे.

ओबो फुंकताना दम पुरत नाही असं नाही, उलट उरतो! तोंडात धरायच्या रीडच्या दोन पात्यांमधली फट इतकी बारीक की हवा जाता जात नाही. छातीत वापरलेली, शिळी हवा साठून राहते. म्हणून जागा सापडली की वादक आधी श्वास सोडतो, मग घेतो. चेहरा लालबुंद होतो तो हवेच्या या कोंडीमुळे.

हे संगीतकार शूमानच्या गावीही नसावं. डिसेंबर १८४९मध्ये त्याने ओबो-पियानोसाठी तीन ‘रोमान्स’ लिहिले आणि नाताळची भेट म्हणून क्लाराला दिले. भेट बायकोला, घाम ओबोवाल्याला! ओळीच्या ओळी सरतात, पण श्वास टाकायला विराम सापडणं मुश्कील. ऐकणाऱ्याला मात्र सगळं लोण्यासारखं वाटतं.

रीड ही तर स्वतंत्र डोकेदुखी. वेळूसारख्या दिसणाऱ्या अरुंडो डोनॅक्स या उंच गवताची पट्टी घ्यायची, दुमडायची, नळीवर दोऱ्याने बांधायची आणि सुरीने केसाकेसाने तासायची. बरेच वादक हे घरीच करतात. मैफलीत त्यांच्या बाजूला पाण्याची इवलीशी डबी दिसेल, ती रीड भिजवायला. सिगारेटचा कागद दिसला तर गैरसमज नको. कळीखाली पाणी साचून सूर गुरगुरायला लागला की तो कागद तिथे सरकवून टिपायचा.

सनई याच घराण्यातली. तिलाही दुहेरी पातं. आपल्याकडे एक सनईवाला रागाचा विस्तार करतो आणि दुसरा गाल फुगवून नुसता सूर धरून बसतो, आठवतंय? इटलीच्या लुचानो बेरिओने १९६९मध्ये एकट्या ओबोसाठी ‘सेक्वेन्झा ७’ लिहिली. तिच्यातही एक सूर मागे अखंड चालू असतो. युरोपच्या आधुनिक संगीतात ते धाडस ठरलं. आपल्या लग्नमांडवात ते रोजचं!

आता मानापमान. ऑर्केस्ट्रा सुरात लावायचा तर ओबोच ‘ए’ हा सूर देतो आणि अख्खा ताफा तो मुकाट घेतो. पियानो समोर आला की साहेबांचा रुबाब संपला. पियानोच्या दोनशेहून अधिक तारा ऐनवेळी कोण पिळणार? म्हणून ओबोच पियानोचा सूर घेतो.

ओबो-पियानोच्या या जोडीवर काही संगीतकारांचा जीव जडला तो आयुष्याच्या अखेरीस. सां-साँसने ओबो सोनाटा लिहिला १९२१मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात, आणि त्याच डिसेंबरात तो गेला. पूलांकने आपला सोनाटा १९६२मध्ये संगीतकार प्रोकोफिएव्हच्या स्मृतीला वाहिला. पहिला प्रयोग होण्याआधीच, जानेवारी १९६३मध्ये, पूलांकही गेला. सोनाटा सहसा धडाक्यात संपतो. हा अगदी संथ, विलाप करत संपतो. शेवटचा सूर विरतो, खोली गप्प होते आणि टाळ्या पडायच्या आत एक लांबलचक उच्छ्वास ऐकू येतो. पुढच्या खुर्चीत असाल तरच.