पाऊल उचलून देणारा पट्टा

पक्षाघातानंतर रुग्ण पुन्हा चालू लागला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण अनेकदा एक अडचण मागे उरते. चालताना चवडा वर उचलला जात नाही. चपलेचे टोक जमिनीला घासते, उंबरठ्याला पाय अडखळतो. पडण्याच्या भीतीने रुग्ण पाय बाहेरून फिरवत टाकतो आणि चार पावलांतच दमतो. याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. गुडघ्याखाली बांधायचा, विजेचे सौम्य झटके देणारा पट्टा अशा रुग्णांना उपयोगी पडू शकतो.

पक्षाघातात इजा होते ती मेंदूला. त्यामुळे ‘पाऊल उचल’ हा निरोप खाली पोहोचत नाही. पायातली नस आणि नडगीलगतचा स्नायू मात्र सहसा शाबूत असतात. ही नस गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूने हाडाला वळसा घालून त्वचेच्या अगदी जवळून जाते. पट्ट्यातले इलेक्ट्रोड नेमके तिथे टेकतात. विजेचा स्पंद मिळताच नस जागी होते, स्नायू आकसतो आणि चवडा वर येतो.

यात वेळ साधणे महत्त्वाचे. १९६१ मध्ये अमेरिकेत डॉ. लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुटाच्या टाचेत बटण बसवून ही युक्ती केली. टाच उचलली की वीज सुरू, टाच टेकली की बंद. आजच्या काही पट्ट्यांत पायाचा कल ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे बटण आणि वायर लागत नाही.

हा पट्टा प्रत्येक फूट ड्रॉपवर चालत नाही. वीज स्नायूपर्यंत पोहोचते ती नसेमार्फतच. कुष्ठरोगात किंवा गुडघ्याजवळच्या दुखापतीत हीच नस खराब झालेली असेल, तर पट्टा फारसे काही करू शकत नाही. मेंदूचे किंवा मज्जारज्जूचे दुखणे असेल, तर मात्र उपयोगाची शक्यता असते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये अशा रुग्णांची चाल सुधारण्यासाठी या उपचाराला मान्यता दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पक्षाघाताच्या १९७ रुग्णांपैकी काहींना पट्टा, तर काहींना पावलाला आधार देणारा साधा स्प्लिंट दिला गेला. ३० आठवड्यांनी दोन्ही गटांचा चालण्याचा वेग वाढला होता आणि वेगात दोघांत विशेष फरक नव्हता. वापरणाऱ्यांचे समाधान मात्र पट्ट्याच्या गटात अधिक होते. म्हणजे महागडा पट्टा परवडत नसेल, तर स्प्लिंटला कमी लेखण्याचे कारण नाही.

पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा पट्टा बांधू नये. गर्भवती, फिट येणारे आणि पायात रक्ताची गुठळी झालेले रुग्ण यांनाही हेच लागू. इलेक्ट्रोडखालची त्वचा रोज पाहावी. लाली किंवा पुरळ टिकून राहिल्यास वापर थांबवावा.

जाहिरात पाहून पट्टा मागवण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे तो बांधून चालून पाहावे. चवडा उचलला जातो की नाही, हे तिथेच कळते. पट्टा घेतला तरी व्यायाम सोडू नये, कारण यंत्र काढले की त्याची मदतही थांबते.