रक्ताची पारख

रक्त सर्वांचे तांबडेच; परंतु एकाचे रक्त दुसऱ्यास चालेलच असे नाही. याचे कारण व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली उजेडात आणले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागी 'ए' व 'बी' ही द्रव्ये असू शकतात. कोणाच्या पेशींवर त्यांतील एक असते, कोणाच्या दोन्ही, तर कोणाच्या एकही नसते. त्यावरून ए, बी, एबी व ओ हे चार गट ठरले. जे द्रव्य आपल्या पेशींवर नाही, त्याच्याशी झुंजणारी प्रतिद्रव्ये आपल्या रक्तात असतात. म्हणून न जुळणारे रक्त शरीरात शिरले, की त्यातील पेशी फुटू लागतात. मूत्रपिंडे निकामी होतात व प्रसंगी रोगी दगावतो.

'ओ' गटाच्या पेशींवर ही दोन्ही द्रव्ये नसल्याने त्या कोणासही चालतील, असे वाटे. परंतु १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसे आढळली, की ज्यांना 'ओ' गटाचे रक्तही जुळेना. 'ए' व 'बी' ज्यापासून घडतात, ते 'एच' हे मूळ द्रव्यच त्यांच्या पेशींवर नव्हते. 'ओ' गटाच्या पेशींवर मात्र ते विपुल असते. हाच 'बॉम्बे रक्तगट' होय. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ'सारखाच भासतो. पण या माणसांना रक्त लागते ते त्यांच्याच गटाचे.

म्हणूनच रुग्णालय परभणीचे असो वा मुंबईचे, दात्याच्या पेशी व रोग्याचा रक्तद्रव आधी काचनळीत एकत्र करून पाहतात. पेशींच्या गुठळ्या झाल्या, तर ते रक्त देत नाहीत. दाराशी ताटकळणाऱ्या आप्तांना तो विलंब असह्य वाटतो; परंतु त्या विलंबातच रोग्याच्या प्राणांचे रक्षण असते.