दोनच बांधली गेलेली इंजिने

चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ हा लोहमार्ग १९५१ पर्यंत जीआयपी रेल्वेचा होता. धुळ्याचा फाटा चाळीसगावलाच फुटतो. या जीआयपीसाठी १९३७ साली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने ‘एक्सपी’ जातीची दोन प्रवासी इंजिने बांधली. तिसरे कधी बनलेच नाही! का बरे?

आपल्या कोळशात राख फार. भरपूर वाफ हवी तर इंजिनाची शेगडी रुंद हवी. ती मोठ्या चाकांच्या मध्ये मावत नाही. म्हणून मागे, लहान चाकांवर ठेवतात. पुढे चार, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन चाके अशा मांडणीला ‘पॅसिफिक’ म्हणतात. एक्सपीच्या आधी एक्सए, एक्सबी, एक्ससी ही पॅसिफिक इंजिने पुरेशी चाचणी न घेताच मोठ्या संख्येने मागवली गेली. वेग वाढला की ती डावी-उजवीकडे हेलकावत.

असे का होते? कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा. दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून ते सोडा. पेले उजवीकडे सरकले, की उजव्या काठीवर जाड भाग येतो. जाड भाग एका फेरीत जास्त अंतर कापतो आणि जोडी डावीकडे वळते. मग तेच उलट घडते. रेल्वेच्या चाकांनाही असाच उतार असतो. त्यामुळे गाडी मध्यावर राहते. पण वेगात हेलकावे आवरले नाहीत, तर रुळांवर बाजूने जबर दाब पडतो.

१७ जुलै १९३७ रोजी बिहारमधील बिहटा येथे एक्सबी इंजिनाची एक्स्प्रेस रुळांवरून घसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे खास समितीने या इंजिनांची तपासणी केली. पुढची-मागची लहान चाके बाजूला सरकताना त्यांना आवरणाऱ्या स्प्रिंगा पुरेशा जोरदार हव्यात, हे स्पष्ट झाले.

एक्सपी ही प्रयोगाचीच इंजिने होती. त्यांचा अनुभव आणि समितीचे धडे ‘डब्ल्यूपी’ इंजिनाच्या आराखड्यात उतरले. या वेळी मात्र आधी नमुन्याची १६ इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आली. ती पसंत पडल्यावरच पुढची मागणी गेली. १९६७ पर्यंत एकूण ७५५ डब्ल्यूपी इंजिने झाली!

आता काठ्यांचा उतार थोडा थोडा वाढवा. पेले कधी घसरतात, ते वहीत नोंदवा.