म्हाताऱ्या मोटारीचे काळीज

जुनी मोटार घरात असली की सल्लागारांना तोटा नसतो. एक म्हणतो, भंगारात घाला. दुसरा म्हणतो, जीपचे डिझेल इंजिन बसवा आणि निर्धास्त फिरा. तिसरा नुसताच गाडीभोवती एक फेरी मारतो आणि ‘काय लोखंड आहे हो!’ म्हणून सुस्कारा टाकतो. सोलापुरातील माझ्या एका डॉक्टर मित्राच्या घरी हे तिन्ही सल्ले वर्षानुवर्षे येत होते. गाडी होती १९५१ सालची डॉज किंग्जवे, त्याच्या वकील आजोबांनी हौसेने घेतलेली. वीसएक वर्षे ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चाकांतली हवा गमावून उभी होती.

डिझेल इंजिनाचा सल्ला काही वेडगळ नव्हता. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांच्या पोटातली पेट्रोल इंजिने काढून तेथे डिझेल इंजिने बसवण्याची लाटच आली होती. खर्चही निम्म्याहून कमी. पण मित्राच्या आई, ज्या १९६५ साली याच गाडीतून नवी नवरी म्हणून या घरात आल्या आणि आज ऐंशीच्या घरात आहेत, त्या म्हणाल्या, “दुसरं इंजिन घालणार असाल तर मला त्यात बसवू नका. मामंजी कोर्टातून यायचे, तेव्हा कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की मी चहाचं आधण ठेवत असे. तो आवाज मला ठाऊक आहे.” या वाक्यापुढे डिझेलचा टिकाव लागणे कठीणच होते.

मग मूळ इंजिनच दुरुस्त करायचे ठरले. माझा संबंध लोखंडापेक्षा लिखाणाशी अधिक. परंतु कॉलेज सुटल्यावर चार महिने मी त्या वर्कशॉपात जात राहिलो, आणि जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

सोलापूरचे नाते

डॉज हे नाव अमेरिकेचे असले, तरी या गाडीचे सोलापूरशी नाते आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचाच. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात तयार व्हावीत हा त्यांचा ध्यास. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ साली मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डी सोटो आणि प्लिमथ अशी नावे निरनिराळी, पण भावंडे एकाच घरची. त्या काळी दारात अशी गाडी उभी असणे म्हणजे केवढी प्रतिष्ठा! वालचंद १९५३ साली निवर्तले. म्हणजे आमची ही गाडी त्यांच्या हयातीतली.

आधी मोजमाप, मग हत्यार

काम ज्यांच्याकडे गेले ते मिस्त्री साठी ओलांडलेले. सारे सोलापूर त्यांना चाचा म्हणते, आणि ते मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू या चारही भाषांत गिऱ्हाइकाला थांबायला सांगू शकतात. त्यांनी पहिल्या दिवशी बॅटरी जोडली नाही. सहाही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे तेल सोडले आणि म्हणाले, “आता आठ दिवस कुणी हात लावू नका.”

कारण असे, की उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. उत्साहाच्या भरात हँडल मारले, तर रिंगा मोडतात आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कायमचे ओरखडे उठतात. आठ दिवसांनी चाचांनी हँडल केवळ दोन बोटे फिरवले. चौथ्या दिवशी ते पुरते फिरले.

हे इंजिन फार साध्या बांधणीचे. सहा सिलिंडर एका ओळीत, एकेकाचा मूळ व्यास सव्वातीन इंच. सारे मिळून सुमारे २१८ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. येथे ते सिलिंडरच्या बगलेला ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे हेड म्हणजे नुसते जाड झाकण. ते उचलले की इंजिनाचा सारा इतिहास दिसतो.

इतिहास चांगला नव्हता. चाचांनी मायक्रोमीटर काढला. कारागिरांच्या बोलीत ‘थाउ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिलिंडर मूळ मापापेक्षा साठ थाउ मोठे निघाले. याचा अर्थ पूर्वी ते आतून कापून मोठे केलेले होते, आणि त्यानंतरही पुन्हा झिजले होते. त्यातही मागचे दोन सर्वांत जास्त. त्यांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका तर जळून काळ्या पडल्या होत्या.

खरा रोग

इतर कोणी मिस्त्री येथेच कामाला लागला असता. चाचा मात्र स्टूल ओढून बसले. “सहा भाऊ एकाच घरात जेवतात,” ते म्हणाले, “मग आजारी नेहमी मागचे दोघेच का?”

उत्तर इंजिनाच्या पुढल्या टोकाला सापडले. या इंजिनात पाण्याच्या पंपामागून एक चपटी पत्र्याची नळी ब्लॉकच्या पोटात शेवटपर्यंत गेलेली असते. पंपाने ढकललेले गार पाणी तिच्यातून जाते आणि तिला पाडलेल्या छिद्रांतून नेमके एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकांवर पडते. सर्वांत अधिक आच तेथेच. ही नळी बाहेरून दिसत नाही. रेडिएटर आणि पंप उतरवल्यावर पुढून ओढून काढावी लागते. पाण्याने ती आतल्या आत गंजते. मग सारे पाणी पुढच्या सिलिंडरांपाशीच घोटाळते आणि मागचे उपाशी राहतात. गंमत म्हणजे काट्याला त्याचा पत्ताच नसतो!

चाचांनी आकडा घालून ओढले तेव्हा निम्मी नळी तुकड्या-तुकड्यांनी आली आणि उरलेली लाल चिखल होऊन. सोलापूरच्या बोअरचे पाणी जड. त्याचा साका वेगळाच. तेव्हा गोष्ट उघड झाली. पूर्वी सिलिंडर कापले, पिस्टन बदलले, पैसे मोजले, पण नळीला कोणी हात लावला नव्हता. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे! दरवेळी इंजिन नवे होई, आणि दरवेळी मागचे दोन सिलिंडर पुन्हा भाजून निघत.

नळी दुकानात मिळेना. शेवटी ती केली एका तांबटाने, पितळेच्या पत्र्याची, म्हणजे गंजाची भीतीच नको. पुढच्या छिद्रांचे माप जुन्या तुकड्यांवरून मिळाले. मागची छिद्रे तर चिखलात गेलेली. ती ब्लॉकमधल्या व्हॉल्व्हच्या जागा मोजून ठरवली. कसर लागलेल्या पोथीतला गेलेला शब्द आम्ही मागच्यापुढच्या ओळींवरून लावतो, तसेच हे. मात्र येथे शब्द चुकला तर टीकाकार नव्हे, व्हॉल्व्ह जळतो.

किती काढावे?

या कामात मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. क्रँकशाफ्ट झिजला की तो घासून गोल करतात आणि तेवढ्या मापाचे जाड बेअरिंग घालतात: दहा थाउ, वीस, तीस. पण काढलेले लोखंड पुन्हा चिकटवता येत नाही. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम. लेथवाला म्हणत होता, “तीस करून टाकू, एकदम साफ होईल.” चाचांनी मोजून सांगितले, “वीसमध्ये डाग जातो. तीस करशील तर पुढच्यानं काय घासायचं?”

सिलिंडरांचे मुद्दल तर संपलेच होते. म्हणून त्यांत सहा लायनर ठोकून पुन्हा मूळ सव्वातीन इंचाचे माप आणले. सहा पिस्टन सराफी काट्यावर तोलून सारख्या वजनाचे केले. पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या नव्या घातल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर खाते. शिशाविना आलेल्या पेट्रोलची मात्र धास्ती नव्हती. या इंजिनात एक्झॉस्टच्या बैठका कारखान्यातूनच कठीण धातूच्या येतात.

मे महिन्याची परीक्षा

इंजिन सुरू झाले ते मार्चमध्ये. पण चाचा मे महिन्याची वाट पाहत होते. सोलापूरचा मे! पारा बेचाळिसावर असताना भर दुपारी गाडी अक्कलकोट रस्त्याला काढली. या वेळी त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला नाही. दर पाच मैलांवर थांबून बॉनेट उघडले आणि ब्लॉकच्या मागच्या टोकाला तापमापक लावला. पुढे आणि मागे एकच आकडा.

मागच्या आसनावर आई होत्या. त्यांनी काच खाली करून बराच वेळ ऐकले आणि म्हणाल्या, “हाच आवाज. फक्त मामंजी दुसऱ्या गिअरला जरा जास्त ओढायचे.”

या आवाजाला आता कायद्याचाही आधार आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. पण ती मूळ स्वरूपात हवी, चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर काढायची. डिझेल इंजिन बसवले असते, तर या दाराशीच अडावे लागले असते.

गाडी घरी पोचवताना चाचांनी कागदपत्रांच्या पाकिटात वहीचे एक पान घडी करून ठेवले. बिल असेल असे समजून मित्राने ते उघडले. त्यावर लिहिले होते: ‘क्रँक वीस थाउ, अजून एकदा चालेल. लायनर नवीन, माप मूळ. पाण्याची नळी पितळेची, पुढून निघते. आधी ती बघा.’ वर नाव कोणाचेच नव्हते. ते पुढच्या मिस्त्रीसाठी होते.