शेवटच्या दिवशी तिथी पाहावी

शिक्षकांच्या निसर्गसहलीचा शेवटचा दिवस बहुतेक ठिकाणी वायाच जातो. प्रमाणपत्रं, अभिप्रायाचे कागद, पायऱ्यांवर बसून काढलेला फोटो आणि मग कुणाची पिशवी खोलीत राहिली यावर अर्धा तास. हे सगळं आदल्या रात्री जेवणानंतर उरकता येतं. शेवटची सकाळ समुद्रासाठी राखावी, आणि तिची तारीख आयोजकांच्या सोयीने नव्हे, चंद्राच्या सोयीने ठरवावी.

अलिबागचंच घ्या. किनाऱ्यासमोर खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. भरतीला तिथे जायला होडी लागते, ओहोटीला चालत जाता येतं. ओहोटी केव्हा, हे काढायचा मुंबई-अलिबागकडचा तोंडी हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला. त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, पाणी सगळ्यांत खाली.

गणिताचे सर इथेच थबकतात. पाऊणपटच का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला तिला रोज सुमारे 50 मिनिटं जास्त लागतात. 24 तास 30 तिथींत वाटले, तर एका तिथीच्या वाट्याला 48 मिनिटं येतात. लोकांनी 45 धरली, कारण पाऊणपट चालता चालता होते. तिथीमागे तीन मिनिटांची ही चूक साचत जाऊन पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची होते खरी, पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि चूक आपोआप पुसली जाते! आकडेमोडीतली इतकी शहाणी तडजोड पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

भूगोलाच्या बाईंना मुलं दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : चंद्र एका बाजूला, मग भरती दिवसातून दोनदा कशी? चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा त्याला जवळ असतं, म्हणून जास्त ओढलं जातं. पलीकडच्या बाजूचं पाणी मध्यापेक्षा लांब, म्हणून ते कमी ओढलं जातं आणि मागे पडतं. फुगवटा दोन्हीकडे येतो. सूर्यही ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीला काटकोनात असतात तेव्हा भांग. उधाणाला भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली उतरते. सर्वांत खालची ओहोटी मात्र नेमकी अमावस्येला न येता एक-दोन दिवसांनी येते. म्हणून द्वितीया.

या रोजच्या हालचालीत जे घर्षण होतं त्याने पृथ्वीची गिरकी मंदावते आणि चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर जातो. 1969पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून हे अंतर मोजलं जातं. 1963मध्ये जॉन वेल्स या शास्त्रज्ञाने सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या रोजच्या वाढीच्या बारीक रेघा मोजल्या. वर्षाला साधारण 400 भरल्या. तेव्हा वर्षात 400 दिवस होते, आणि दिवस 22 तासांचा.

आता चपला हातात घेऊन निघायचं. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. नखाएवढे खेकडे पाणी उतरताच बिळाबाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यावरचं खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीत ती नक्षी पुसली जाते, त्यानंतरच्या ओहोटीत पुन्हा मांडली जाते.

खडकावर तळव्यांना टोचणारे पांढरे खरखरीत उंचवटे म्हणजे बार्नेकल. दिसतो शिंपल्याच्या भाऊबंदांतला, पण आहे खेकड्याच्या कुळातला. लहानपणी तो पाण्यात पोहतो, मग जागा निवडून डोकं खडकाला चिकटवतो आणि उरलेला जन्म उलटा राहून पायांनी अन्न तोंडात ओढतो. जागचं हलता येत नाही, मग जोडीदार कसा मिळणार? शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सर्वांत लांब जननेंद्रिय याचंच असतं. वर्गात सांगताना एवढा भाग बहुधा गाळला जातो. डार्विनने मात्र 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या प्राण्याच्या अभ्यासात घातली.

शेजारीच शंकूच्या आकाराच्या कवचाचा लिंपेट बसलेला असतो. त्याच्या काही जाती खडकावरचं शेवाळ खरवडत भटकतात आणि ओहोटीच्या आत नेमक्या आपल्या जागी परततात. तिथे कवच आणि खडक एकमेकांवर इतके घट्ट बसतात की ओलावा सुटत नाही. खडक खरवडायला दातही तसेच हवेत. युरोपातल्या एका लिंपेटचे दात ब्रिटिश संशोधकांनी 2015मध्ये तपासले, तेव्हा कोळ्याच्या धाग्यालाही मागे टाकणारी ताकद निघाली. त्यांत लोहाच्या खनिजाचे सूक्ष्म तंतू असतात.

डबक्यांत हात घालायचा मोह आवरा. फुलासारखा पसरलेला समुद्रफूल हा प्राणी आहे आणि तो डंख करतो. सुंदर नक्षीचा कोन शंख तर उचलूच नये, त्याच्या काही जातींचं विष माणसालाही मारतं. दगड उलटलात तर पुन्हा होता तसाच ठेवा. त्याच्या खाली राहणाऱ्यांना सावली आणि ओल दोन्ही लागतात.

किल्ल्याच्या तटाशी पोचलात की चुना न भरता रचलेले दगड पाहा. लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा जोर तिथेच मोडतो. फार रेंगाळू नका, साडेआठच्या आत किनाऱ्यावर परता. पाणी आधी सखल भागात भरतं, आणि परतीची वाट सखल भागातूनच आहे.

पुढच्या सहलीची तारीख ठरवताना कालनिर्णय समोर ठेवा आणि द्वितीया-तृतीया शोधा. अष्टमी टाळा. त्या दिवशी भरती सकाळी सहाला येते, ओहोटी भर दुपारच्या उन्हात लागते, आणि भांगाच्या त्या ओहोटीत सगळ्यांत खालचे खडक पाण्याबाहेर येतच नाहीत.