रोजा, लिथियम आणि ‘मी आजारी कुठे आहे?’

शाबान अर्धा उलटला की माझ्या खालेच्या मुलीचा ठरलेला प्रश्न येतो. ‘आपा, मी घर सांभाळते, नोकरी करते, पाच वक्त नमाज पढते. मग रोजे सोडायला मी आजारी कुठे आहे?’ तिला बायपोलर डिसऑर्डर आहे आणि ती रोज लिथियमच्या गोळ्या घेते.

प्रश्न रोज्याचा वाटतो, पण आहे तो स्वतःकडे पाहण्याचा. या आजारात कधी मन खोल खचते, तर कधी त्याला उधाण येते. झोप लागत नाही, बोलणे थांबत नाही, पैसा हातात टिकत नाही. आणि नेमके तेव्हाच माणसाला वाटते, आपण इतके ठणठणीत कधीच नव्हतो! म्हणून ‘मला बरे वाटतेय’ यावर इथे भरवसा ठेवता येत नाही. अमेरिकेतील के रेडफिल्ड जेमिसन मानसोपचारशास्त्राच्या प्राध्यापक; तरीही स्वतःच्या लिथियमच्या गोळ्या त्या पुन्हा पुन्हा बंद करत. १९९५ मध्ये आत्मकथनात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले.

लिथियम हा एक क्षार आहे. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले त्याचे प्रमाण वाढू शकते. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणे, झोकांड्या जाणे या धोक्याच्या खुणा. अशा वेळी लगेच दवाखाना गाठावा. शिवाय तरावीह आणि सहेरीमुळे झोप मोडते, आणि मोडलेली झोप उधाणाला निमित्त ठरते. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्यावे. काहींना ते रोज्याची परवानगी देतात, काहींना नाही. आपल्या मनाने गोळ्या मात्र बंद करू नयेत.

सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे. आजार शरीराचाच हवा, अशी अट तिथे नाही. पण मधुमेहवाल्या चाचांनी रोजा सोडला तर कोणी काही बोलत नाही. हिने सोडला की ईमान कमजोर!

मी तिला समजावले, ‘तू आजारी नाहीस, तुला एक आजार आहे.’ ती म्हणाली, ‘शब्दांचा खेळ नको, आपा. रमजानमध्ये मी मरीज, ईदला नाही. एवढे मला पुरे.’

गेल्या वर्षी डॉक्टर आणि मुफ्तीसाहेब, दोघांना विचारून तिने फिदया दिला. दुपारी ती खोलीचे दार लावून जेवायची. तिसऱ्या दिवशी खालांनी तिचे ताट बाहेरच्या खोलीत, सर्वांसमोर वाढले.