गोष्ट पाचांची, भार एकावर

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही नेटफ्लिक्सवरील मालिका २०२५ सरता सरता संपली आणि तिच्या शेवटाची चर्चा पुरेशी होऊन गेली आहे. मात्र मालिकेतील मुले तळघरात टेबलाभोवती बसून जो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात तो आपल्याकडे खेळायचा म्हटले तर काय लागते, हा प्रश्न अनेक प्रेक्षकांच्या मनात उरलेला असणार. चार-पाच माणसे, वेगवेगळ्या पैलूंचे फासे, कागद-पेन्सिल आणि एक नियमपुस्तक एवढे पुरते, असे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या खेळाला खेळाडू मिळणे फारसे अवघड नसते. खेळ चालवणारा माणूस मिळणे, तो टिकणे आणि त्याच्याभोवती पाच नोकरदार माणसे महिनोन् महिने ठरल्या वेळी जमणे, हेच खरे अवघड असते, आणि बंगळुरूसारख्या शहरात ते अधिकच कठीण होऊन बसते.

हा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम आहे, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, त्या पात्राच्या तोंडून बोलत, सर्वांनी मिळून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो डंजन मास्टर किंवा गेम मास्टर होतो आणि उरलेले सारे जग, म्हणजे राजे, चोर, वादळे, राक्षस आणि सरायांचे मालक, एकटा सांभाळतो. त्याचे काम नेमके काय असते हे एका प्रसंगावरून पाहता येईल. पाच पात्रे रात्री एका गडाच्या दरवाज्याशी पोहोचली आहेत आणि पहारेकऱ्याने भाला आडवा धरला आहे, असे समजू. एक खेळाडू ऐनवेळी म्हणतो, की आम्ही किल्लेदाराच्या मुलीच्या लग्नाचे वाजंत्री आहोत. ही थाप पचणे कितपत अवघड आहे ते मास्टर मनाशी ठरवतो आणि नियमांत मध्यम अवघड कामासाठी दिलेला १५ हा आकडा धरतो. खेळाडू २० पैलूंचा फासा टाकतो आणि त्यात आपल्या पात्राच्या वाक्चातुर्याचे ३ व प्रावीण्याचे २ असे ५ गुण मिळवतो. फाशावर १० किंवा त्याहून अधिक पडले तर काम फत्ते, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के.

इथपर्यंतचे गणित पुस्तकात आहे. फाशावर ४ पडल्यावर काय होते, ते पुस्तकात नाही. पहारेकऱ्याने नुसते ‘नाही’ म्हटले तर गोष्ट तिथेच अडते, म्हणून चांगला मास्टर त्याच्या तोंडून म्हणवतो, ‘वाजंत्री आहात ना, मग वाजवून दाखवा,’ आणि अपयशातूनच पुढचा प्रसंग उभा राहतो. त्यावर एखादी खेळाडू त्या पहारेकऱ्याला त्याचे गाव विचारते. मास्टरने त्याला गाव दिलेले नसते, नावही दिलेले नसते. ते दोन्ही त्या क्षणी सुचावे लागते आणि तीन महिन्यांनी पात्रे त्याच दरवाज्याशी परतली तर आठवावेही लागते. निर्णय देणारा पंच, कथा सांगणारा, अनेक सोंगे वठवणारा नट आणि मागचे सारे लक्षात ठेवणारा टिपणकार, अशी चार कामे एकाच माणसाने एकाच वेळी करायची असतात.

ही भूमिका जन्माला आली ती लष्करी शिक्षणातून. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसविट्झ यांचा ‘क्रिगश्पील’ हा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला गेला, त्यात निकाल फासे व तक्ते पाहून दिला जाई. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नवा या अधिकाऱ्याने, तक्त्यांचे जंजाळ बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकावर खेळ सोपवावा, अशी मांडणी केली. तक्ता मोठा की पंच, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ या खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली, डेव्ह आर्नसन यांनी ती कल्पना ‘ब्लॅकमूर’ या अद्भुत जगात नेली आणि गॅरी गायगॅक्स यांच्या साथीने १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला, तो पहिल्या खेपेस अवघ्या १,००० प्रतींचा. पन्नाशीच्या निमित्ताने २०२४ आणि २०२५ मध्ये त्याची तीन मूळ पुस्तके नव्याने निघाली. प्रत्येकाची पाने ३८४ आणि अमेरिकेतील किंमत सुमारे ५० डॉलर आहे. नवख्या मास्टरच्या छातीत धडकी भरावी अशीच ही सामग्री आहे, पण त्यातले बहुतेक लढाईचे आणि मंत्रतंत्रांचे तपशील आहेत व ते गरजेनुसार शिकता येतात.

लढाईचाच हिशेब पाहावा. नियमानुसार लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतील ६ सेकंद. पाच खेळाडू आणि चार शत्रू असतील आणि प्रत्येकाच्या पाळीला दोन मिनिटे लागली, तर एका फेरीस १८ मिनिटे आणि चार फेऱ्यांस ७२ मिनिटे होतात, म्हणजे गोष्टीतल्या २४ सेकंदांसाठी टेबलावर सव्वा तास जातो आणि त्यात प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला जेमतेम आठ मिनिटे येतात. उरलेला वेळ त्याने दुसऱ्याचे ऐकत बसायचे असते, हातातला मोबाइल बाजूला ठेवून. नवे खेळाडू पहिल्या दोन-तीन बैठकींनंतर गळतात ते बहुधा इथेच. त्यांना नियम कळत नाहीत असे नव्हे, तर ऐकण्यात आनंद असतो हे त्यांना कुणी दाखवलेले नसते.

त्यातच शहराची घडण आडवी येते. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात बंगळुरूत १० किलोमीटर जाण्यास सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागत असल्याचे नोंदले गेले (पुणेकरांनी हसू नये, तिथे ३३ मिनिटे २२ सेकंद लागली). व्हाइटफील्डला राहणाऱ्याने सुमारे २० किलोमीटरवरच्या जयनगरातील मित्राकडे खेळायला जायचे तर जाण्यायेण्यात दोन तासांहून अधिक जातात, आणि चार तासांच्या बैठकीसाठी रविवारचा बहुतेक दिवस द्यावा लागतो. मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत पोहोचली, ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सिल्क बोर्डवरून बोम्मसंद्रपर्यंत धावू लागली, त्यामुळे थोडी सोय झाली. पण रात्रीची शेवटची गाडी गाठायची म्हणजे गोष्ट ऐन रंगात असताना उठणे आले. आठवड्यातील रात्री तर हातच्या गेलेल्याच, कारण सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे ९ वाजतात तेव्हा बंगळुरूत रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बैठका त्या वेळी सुरू होतात. कॅम्पेन म्हणजे तीच पात्रे घेऊन कित्येक महिने चालणारी सलग कथा. तीत पाचांपैकी एकाने नोकरी बदलून हैदराबाद गाठले तरी कथेचा एक धागा तुटतो. कोरमंगल आणि इंदिरानगर भागांतील बोर्डगेम कॅफे जागा देतात, पण तिथे शेजारच्या टेबलावरचा आरडाओरडा असतो आणि हळू आवाजात मरणाऱ्या राजाचे शेवटचे शब्द बोलणे कुणालाही अवघड जाते. ऑनलाइन खेळ हा पर्याय टाळेबंदीत रुळला आणि टिकलाही, परंतु त्यात दोघे एकदम बोलले की कुणाचेच ऐकू येत नाही, आणि एकमेकांच्या बोलण्यात भर घालत जाणे हाच तर या खेळाचा प्राण आहे.

खेळ चालवण्यातल्या अडचणींची चर्चा नेहमी अमेरिकी पुस्तकांच्या आधारे होते, हे खटकते; कारण बसल्या जागी पात्राच्या तोंडून उत्स्फूर्त बोलण्याची एक अत्यंत प्रगल्भ परंपरा बंगळुरूच्याच राज्यात आहे. ताळमद्दळे हे यक्षगान या लोकनाट्याचेच एक रूप. उडुपी, दक्षिण कन्नड, उत्तर कन्नड आणि कासरगोड या पट्ट्यात ते रुजलेले आहे, आणि उघड्यावरचे यक्षगान पावसामुळे थांबते त्या महिन्यांत ते विशेष रंगते. त्यात रंगभूषा नाही, वेशभूषा नाही, नृत्य नाही. भागवत, म्हणजे प्रसंगातील पद्ये गाणारा सूत्रधार, झांज आणि मद्दळे या वाद्यांच्या साथीने पद्य म्हणतो आणि समोरासमोर बसलेले अर्थधारी त्या पद्याचा अर्थ आपापल्या पात्राच्या तोंडून, आयत्या वेळी सुचलेल्या गद्यात, विस्ताराने मांडतात. लिखित संवाद कुणाच्याच हातात नसतात. वालीच्या वधाच्या प्रसंगात बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो, की आडून मारणे हा कुठला धर्म, आणि त्यानंतर दोन अर्थधारींमध्ये जो वाद पेटतो तो ऐकण्यासाठी लोक तासन् तास बसतात. वाली मरणार हे सर्वांना ठाऊक असते, पण त्या रात्री वाली काय बोलेल आणि राम त्याला काय उत्तर देईल हे कुणालाच ठाऊक नसते. शेणी गोपालकृष्ण भट (१९१८–२००६) यांच्यासारखे अर्थधारी या कलेत घराघरांत पोहोचले. किनाऱ्यावरून आलेल्या कुटुंबांमुळे बंगळुरूतही ताळमद्दळेचे कार्यक्रम होत असतात.

भेद आहेच, आणि तो लहान नाही. ताळमद्दळेत कथेचा शेवट पुराणाने बांधलेला असतो आणि वाणी मोकळी असते. टेबलावरच्या खेळात शेवटही मोकळा असतो, कारण फासा कुणाचीच भीड ठेवत नाही. पण खेळ चालवणाऱ्याने शिकावे असे बरेच काही तिथे आहे. समोरच्याला बोलायला जागाच न ठेवणारा अर्थधारी कितीही विद्वान असला तरी जाणकारांना रुचत नाही, कारण प्रतिपात्राच्या तोंडी चांगला मुद्दा यावा अशी वाट करून देणे हे त्याचे काम मानले जाते, आणि बोलणे फार लांबले की पुढचे पद्य उचलून प्रसंग सरकवणे हे भागवताच्या हाती असते. मास्टरला लागणारी ही दोन्ही कौशल्ये, एकाला आवरणे आणि दुसऱ्याला बोलते करणे, नियमपुस्तकात परिच्छेद-दोन परिच्छेदांत उरकली जातात. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकही याच कुळातले. आख्यानाचे कथानक खेळाआधी ठरते, संवाद नट रंगमंचावर जुळवतात. बंगळुरूतील ज्या मराठी तरुणांनी जत्रेत दशावतार पाहिला आहे, त्यांना पात्राच्या तोंडून बोलताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही. तो वाटतो, कारण खेळ इंग्रजीत चालतो आणि शिकून घेतलेल्या इंग्रजीत राग, लाडीगोडी आणि शिवी सहज येत नाही. वर्णन इंग्रजीत आणि पात्रांचे बोलणे ज्याच्या त्याच्या भाषेत, अशी मुभा दिली तर टेबल एकदम जिवंत होते. मास्टरने ती पहिल्याच बैठकीत द्यावी.

कथेच्या सामग्रीचा प्रश्न याहून नाजूक आहे. या खेळात ‘राक्षस’ नावाचा प्राणी १९७० च्या दशकातच आला, तो एका अमेरिकी भयमालिकेतील भागावरून. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ मध्ये तो वाघाच्या तोंडाचा, झगा घालून पाइप ओढणारा असा रंगवला गेला. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात तर इंद्र आणि अग्नी यांना हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार खाल्ल्यावर पात्र मरते त्याचे आकडे, लावलेले होते. पुढे अजित जॉर्ज या भारतीय वंशाच्या लेखकाने २०२१ मध्ये या खेळाच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या भयजगावरील पुस्तकासाठी ‘कलकेरी’ हे भारतीय धर्तीचे भयराज्य लिहिले. बंगळुरूपासून फार दूर नसलेल्या, होसूरजवळील शांती भवन या वंचित मुलांच्या निवासी शाळेच्या कामाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या १३ साहसकथांच्या संग्रहाचे सहनेतृत्वही त्यांनी केले. त्यात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्यांवरून सुचलेली मणिवर्षाची कथा लिहिली. ही पुस्तके मोलाची आहेत, पण टेबलावर बसलेल्या पाचांना कुठे बोचेल हे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. एकाच टेबलाशी वेगवेगळ्या जातींची, धर्मांची, प्रांतांची माणसे बसतात, त्यांत कुणाला देवाचे पात्र रुचत नाही, कुणाला गावकुसाबाहेरच्या वस्तीचे वर्णन मनोरंजन म्हणून ऐकवत नाही, आणि अनोळखी पुरुषांच्या टोळक्यात खेळायला आलेल्या मुलीला प्रेमप्रसंगाची सक्ती नको असते. म्हणून ‘सेशन झीरो’ ही खेळाआधीची बोलणी करून घेण्याची बैठक आणि ‘एक्स-कार्ड’, म्हणजे टेबलावर ठेवलेले असे कार्ड की ज्याला कुणीही हात लावताच चालू प्रसंग कारण न विचारता सोडून द्यायचा, या दोन रीती भारतात तरी ऐच्छिक मानू नयेत.

मास्टरचा भार हलका करण्याचे उपाय साधे आहेत आणि ते टाळले जातात याचे वाईट वाटते. वर्षभराच्या कॅम्पेनचे स्वप्न बाजूला ठेवून वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारी कथा, निवडावी. तीन बैठकींनंतर मास्टर बदलावा, म्हणजे प्रत्येकाला त्या खुर्चीतला थकवा कळतो आणि पुढच्या वेळी तो अधिक चांगला खेळाडू होतो. मागच्या वेळी काय घडले ते टिपून ठेवण्याचे काम खेळाडूंपैकी कुणीतरी उचलावे. मास्टरला मानधन द्यावे की नाही यावर पुष्कळांचा आक्षेप असतो, पण चार तासांच्या खेळासाठी तेवढीच तयारी करणाऱ्याला टेबलाने किमान जागेचे भाडे आणि जेवण द्यावे यात गैर काय आहे, ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

एक दार २०२५ च्या एप्रिलमध्ये उघडले आहे. नव्या आवृत्तीतील नियमांचा मोठा गाभा प्रकाशकांनी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. मूळ स्रोताचा उल्लेख केला की तो कुणालाही कन्नडमध्ये, मराठीत आणता येतो, छापता येतो, विकताही येतो. त्यात फासे, मंत्र, शस्त्रे आणि प्राणी आहेत. गोष्ट कशी सांगावी, गप्प बसलेल्याला कसे बोलते करावे आणि पहारेकऱ्याला आयत्या वेळी गाव कसे द्यावे, हे त्यात फारसे नाही. तो भाग नव्याने लिहावा लागेल, आणि तो लिहिणाऱ्याने आधी उडुपीला जाऊन अर्थधारींशी आणि कुडाळ-सावंतवाडीला जाऊन दशावतारी नटांशी बोलावे.